राणेखानभाई : उपकार कीं सख्य?

पानिपतच्या संहारांतून जी एक गोष्ट आपल्या शाळांतील मुलांना हटकून सांगितली जाते ती महादजी शिंदे व राणेखान भिस्ती यांची होय. आम्हीही ती वर्गांत पुष्कळ वर्षें सांगितली, व तिचें तात्पर्य ‘कृतज्ञता’ म्हणून फळ्यावर लिहून दिलें. आतां निवृत्तीच्या स्वस्थतेंत तें सारें प्रकरण पुनः चाळतांना आमची खात्री झाली आहे कीं, तें तात्पर्य चुकीचें होतें. तें सुधारून घेण्यासाठींच हा अल्पसा लेख आहे.

प्रथम मूळ प्रसंग पाहूं. ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं मराठी फौज मोडली तेव्हां महादजी आपल्या दक्षिणी घोडीवर निघाले. एका धिप्पाड अफगाण स्वारानें त्यांचा पाठलाग केला. बऱ्याच मजलेनंतर घोडी खाचेंत कोसळली; अफगाणानें महादजींच्या पायावर घाव घातला, घोडी व चीजवस्तु घेतली आणि तो चालता झाला. तो पाय जन्माचा अधू राहिला. जॉन माल्कम यानें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानाविषयींच्या ग्रंथांत लिहिलें आहे कीं, तो अफगाण व त्याचा तो बोजड घोडा पुढें कित्येक दिवस महादजींच्या झोपेंत येत असे. खाचेंत पडलेल्या या माणसास राणेखान नांवाच्या पखालजीनें पाहिलें, आपल्या बैलावर घातलें, आणि दक्षिणेची वाट धरली.

पखालजीची सर्व दौलत म्हणजे एक बैल आणि त्याच्या पाठीवरची कातड्याची पखाल. बैलावर माणूस घालावयाचा तर पखाल उतरवावी लागते, हें ज्यानें भरल्या पखालीचा बैल पाहिला आहे त्यास सांगणें नको. शिवाय राणेखान मुसलमान होता व शस्त्रधारी नव्हता. तो अब्दालीच्या छावणींत पाणी घेऊन गेला असता तर त्यास कोणी अडविलें नसतें, असें आम्हांस वाटतें. पाण्याची गरज जेत्यासही असतेच. तो तिकडे गेला नाहीं.

येथवरची गोष्ट सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु त्या दिवशीं महादजी कोण होते, हा प्रश्न आम्हीं आमच्या विद्यार्थ्यांना कधीं विचारला नाहीं, व आम्हांसही तो फार उशिरां सुचला. पुढील वैभव ठाऊक असल्यामुळें, भिस्त्यानें एका मोठ्या सरदारास वांचविलें अशी आपली समजूत होते. वस्तुतः महादजी राणोजी शिंद्यांचे अनौरस पुत्र होते. सरदारी जनकोजींकडे होती. दत्ताजी एक वर्षापूर्वीं, ता. १० जानेवारी १७६० रोजीं, बुराडी घाटावर पडले होते. पानिपतावर तुकोजी पडले, आणि जनकोजी शत्रूच्या हातीं सांपडून मारले गेले. यानंतरही सरदारी आपोआप महादजींकडे आली नाहीं. दुसऱ्या वारसांचे हक्क पुढें करण्यांत आले, पुण्यांतील घरच्या कलहाचा त्यांत शिरकाव झाला, आणि थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत, १७६८ च्या सुमारास, प्रकरण महादजींच्या बाजूनें मिटलें.

म्हणजे राणेखानानें बैलावर घातला तो ज्याला पदरचें देण्यासारखें कांहीं नाहीं असा एक लंगडा स्वार. मधलीं सहा-सात वर्षें महादजींची स्थिति अनिश्चितच होती. बक्षिसाच्या आशेनें आलेला मनुष्य एवढा काळ थांबत नाहीं.

महादजींनीं त्यास ‘भाई’ म्हटलें, व कागदोपत्रीं तो ‘राणेखानभाई’ झाला. येथें चिकित्सक वाचक शंका घेतील, व ती रास्त आहे. ज्यांनीं वकील-इ-मुतलकीचा कारभार हातीं असतां स्वतःस ‘पाटील’ म्हणवून घेतलें, त्या धूर्त राजकारणी पुरुषाच्या तोंडचा ‘भाई’ शब्द कितपत खरा धरावा? आमचें उत्तर असें कीं, शब्द बाजूस ठेवून हुकमत कोणाच्या हातीं दिली तें पाहावें. द्रुपद व द्रोण एका आश्रमांत शिकले. पुढें राजा झालेल्या द्रुपदानें दरिद्री द्रोणाचें सख्य नाकारलें, आणि त्या एका नकाराची किंमत दोन पिढ्यांनीं भरली. मैत्रीची परीक्षा एकाला ऐश्वर्य आल्यावर होते.

महादजींची ती परीक्षा १७८७ सालीं आली. लालसोटच्या मोहिमेंत बादशाही पलटणी तोफांसह शत्रूस मिळाल्या आणि महादजींना माघार घ्यावी लागली. हिंदुस्थानांत कोणावर विश्वास टाकावा हें कळेनासें झालें. आग्र्याचा किल्ला लखबादादा लाड यांनीं इस्माइल बेगाविरुद्ध झुंजत राखला होता. एप्रिल १७८८ मध्यें भरतपुराजवळ चकसाना येथें राणेखानाच्या हुकमतीखालील सैन्याला यश आलें नाहीं. अपेशी सेनापतीस बदलण्याची हीच वेळ. पण महादजींनीं त्यास बदललें नाहीं. जूनमध्यें त्याच राणेखानानें इस्माइल बेगास उधळून आग्र्याचा वेढा उठविला.

त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस गुलाम कादिर दिल्लींत शिरला. ता. १० ऑगस्ट रोजीं त्यानें शहाआलम बादशहाचे डोळे काढविले. लाल किल्ल्यांतील राजस्त्रिया व मुलें यांचे अन्नपाण्यावांचून हाल झाले, कित्येक दगावलीं. महादजी मथुरेस राहिले आणि दिल्लीवर धाडला राणेखान. ऑक्टोबरमध्यें किल्ला हातीं आला. आंत शिरल्यावर राणेखानानें प्रथम काय केलें तर त्या उपाशी कुटुंबाच्या खाण्यापिण्याची तजवीज केली. या कृत्याचा इतिहासकारांनीं ओझरता उल्लेख केला आहे. आम्हांस त्या सबंध मोहिमेंत हेंच सर्वांत राणेखानाचें वाटतें. तहानेची ओळख त्याच्याइतकी दुसऱ्या कोणत्या सेनापतीस असणार?

पुढें मेरठेस वेढा पडला. डिसेंबरांत गुलाम कादिर रात्रीं निसटला. अंधारांत विहिरीवरील मोटेच्या धावेंत त्याचा घोडा कोसळला असें सांगतात. एका ब्राह्मणाकडून तो मराठ्यांच्या हातीं आला. सत्तावीस वर्षांपूर्वींही एक स्वार असाच पळतांना पडला होता, व त्यासही एका अनोळखी माणसानेंच पाहिलें होतें. मेरठच्या छावणींत राणेखानास याची आठवण झाली असेल काय, हा प्रश्न इतिहासाचा नव्हे, पण मनांतून जात नाहीं.

उपकार फेडला म्हणजे हिशेब मिटतो. जहागीर देऊन महादजींना तो पहिल्याच वर्षीं मिटवितां आला असता, आणि मग आमचें फळ्यावरील तात्पर्यही बरोबर ठरलें असतें. येथें सत्तावीस वर्षांनंतरही एकजण आपलें सर्वस्व दुसऱ्याच्या हातीं सोंपवीत होता, पराभवानंतरही सोंपवीत होता. आम्ही यास सख्य म्हणतों.

दप्तरें बाळगणाऱ्या सद्गृहस्थांस एक विनंति आहे. सरदारांचे खलिते सर्वजण जपतात. पखालखाना, बैल, चंदी-वैरण यांच्या याद्या मात्र रद्दींत जातात. शिंदेशाहीशीं संबंध असलेल्या घराण्यांनीं अशा याद्या टाकण्यापूर्वीं एकदां वाचाव्या, आणि त्यांत राणेखानाचें नांव आढळल्यास नक्कल मंडळाकडे पाठवावी.