तक्त्यातील ओळ आणि तिची मांडणी

बँकेचा खातेउतारा, रेल्वेचे वेळापत्रक किंवा परीक्षेचा निकाल संकेतस्थळावर पाहताना आपल्यासमोर आडव्या ओळी आणि उभे रकाने येतात. तक्ता ही संगणकावरची जुनीच सोय. एचटीएमएल तक्त्यांचा सविस्तर प्रस्ताव डेव्ह रॅगेट यांनी मे १९९६ मध्ये मांडला आणि जानेवारी १९९७ मध्ये एचटीएमएल ३.२ या प्रमाणात तक्त्यांचा समावेश झाला. पुढे तक्ते हाताने लिहिण्याऐवजी माहितीसाठ्यातून आपोआप तयार होऊ लागले. ते तयार करणाऱ्या घटकाला ‘ग्रिड’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या फ्रेमवर्कमधील ‘ग्रिडव्ह्यू’ हे त्याचे परिचित उदाहरण होय.

२००२ मध्ये आलेल्या ‘डेटाग्रिड’ची जागा घेण्यासाठी नोव्हेंबर २००५ मध्ये, एएसपी डॉट नेटच्या दुसऱ्या आवृत्तीसोबत, ग्रिडव्ह्यू दाखल झाला. त्याला माहितीचा स्रोत जोडला की प्रत्येक नोंदीची एक ओळ तयार होते. मात्र ही तयार ओळ प्रत्येक कामाला पुरेशी पडत नाही. समजा, एखाद्या पतसंस्थेच्या कर्जांची यादी दाखवायची आहे. कर्जदाराचे नाव आणि खाते क्रमांक एकाच चौकटीत हवे आहेत, रक्कम उजवीकडे जुळलेली हवी आहे आणि थकीत हप्ता चटकन लक्षात यायला हवा आहे. अशा वेळी ओळीची मांडणी बदलावी लागते.

मांडणीचे तीन मार्ग

पहिला मार्ग रंगरूपाचा. ‘रोस्टाइल’ने सर्व ओळींचे, तर ‘अल्टरनेटिंगरोस्टाइल’ने एकाआड एक ओळींचे रूप ठरते. लांबलचक यादीत नजर शेजारच्या ओळीवर घसरू नये, हा त्यामागचा हेतू असतो.

दुसरा मार्ग रकान्यांचा. रकाने आपोआप तयार होऊ न देता ते एकेक करून जाहीर करता येतात. ‘बाउंडफील्ड’ एक मूल्य जसेच्या तसे दाखवते, तर ‘टेम्प्लेटफील्ड’मध्ये चौकटीतील मजकूर हवा तसा रचता येतो. नाव आणि खाते क्रमांक एकत्र आणण्याचे काम येथेच होते. येथे एक दक्षता आवश्यक आहे. बाउंडफील्ड मजकुरातील घातक चिन्हे मूळ स्थितीतच निष्प्रभ करते; टेम्प्लेटमध्ये मात्र ती जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्याकडे येते.

तिसरा मार्ग घटनांचा. ओळ तयार होताना ‘रोक्रिएटेड’ आणि तिच्यात माहिती भरल्यावर ‘रोडेटाबाउंड’ ही घटना घडते. हप्ता थकला आहे काय, हे दुसऱ्या घटनेत तपासून त्या ओळीचे रूप बदलता येते. शीर्षकाची व तळाची ओळही या घटनेतून जात असल्याने, समोरची ओळ नोंदीचीच आहे याची खात्री आधी करावी लागते. नवशिके अनेकदा अडखळतात ते पुढील टप्प्यावर. पान पुन्हा सर्व्हरकडे गेले आणि माहिती नव्याने जोडली नाही, तर रोडेटाबाउंड घडतच नाही. तेथे बदललेला रंग टिकतो. पण तेथे नव्याने घातलेले बटण नाहीसे होते. असे बटण टेम्प्लेटमध्ये किंवा रोक्रिएटेडमध्ये ठेवणे योग्य.

एवढ्यावरही भागले नाही, तर नोव्हेंबर २००७ मध्ये आलेला ‘लिस्टव्ह्यू’ वापरता येतो. त्यात सारी मांडणी आपल्या हाती असते. पण तक्ता नीट बांधण्याची जबाबदारीही आपल्यावरच येते.

दिसण्यापलीकडची ओळ

ही जबाबदारी केवळ देखणेपणाची नाही. दृष्टिहीन व्यक्ती पडदावाचक आज्ञावलीच्या साहाय्याने तक्ता ऐकते. ‘चार हजार’ हा आकडा कानी पडला, तरी तो कोणाचा आणि कशाचा, हे ओळीच्या व रकान्याच्या शीर्षकावरूनच कळते. ग्रिडव्ह्यू रकान्यांची शीर्षके मूळ स्थितीतच शीर्षक-चौकटी म्हणून पाठवतो. ओळीचे शीर्षक मात्र ‘रोहेडरकॉलम’मध्ये सांगावे लागते. ते राहून गेले, तर पाहणाऱ्याला काहीच उणे भासत नाही. ऐकणाऱ्याला मात्र रक्कम कोणाची, हे समजणे अवघड होते.

थकीत ओळ केवळ लाल करणेही पुरेसे नाही. डिसेंबर २००८ मधील डब्ल्यूसीएजी २.० या सुगम्यता प्रमाणानुसार, केवळ रंगावर अवलंबून माहिती देऊ नये. लाल-हिरवा भेद न जाणवणाऱ्यासाठी ‘थकीत’ हा शब्द चौकटीत असायलाच हवा. मोबाइलच्या अरुंद पडद्यासाठी सीएसएसच्या आधारे ओळींचे उभे तुकडे केले जातात, तेव्हाही धोका संभवतो. ओळीचा मूळ प्रदर्शन-प्रकार बदलला, की काही ब्राउझर तिला तक्त्याची ओळ मानणे सोडून देतात. तेव्हा तक्ता, ओळ व चौकट या भूमिका पुन्हा स्पष्टपणे लिहून द्याव्या लागतात.

२०१६ मध्ये आलेल्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये ग्रिडव्ह्यूला स्थान मिळाले नाही. जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कवर तो आजही चालतो. नोव्हेंबर २०२३ मधील डॉट नेट ८ सोबत ब्लेझरसाठी ‘क्विकग्रिड’ आला. त्यातही साधा रकाना आणि टेम्प्लेटचा रकाना हीच विभागणी आहे. साधने बदलली, तरी कसोटी एकच राहते : मांडणी बदलल्यावरही प्रत्येक आकडा कोणाचा आणि कशाचा, हे पाहणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सारखेच कळले पाहिजे.