कारंज्याची रुई आणि ओसाकाची रात्रपाळी

हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने १८८६ साली कारंज्यात कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. भारतातल्या शेतमाल बाजारांचा इतिहास जिथे लिहिला जातो, तिथे पहिलं नाव या गावाचं असतं. त्याच वर्षी जपानात ओसाका स्पिनिंग कंपनीने आपल्या गिरणीत विजेचे दिवे लावले. तोवर तिथली रात्रपाळी तेलाच्या दिव्यांवर चालत होती आणि कापसाच्या धुरळ्यात उघड्या ज्योतीची धास्ती कायम होती. वीज आली आणि गिरणीला रात्र उरली नाही. या दोन घटनांचा तेव्हा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. पण पाच-दहा वर्षांतच तो जुळला आणि पुढचं अर्धं शतक कारंज्याच्या बाजारातला भाव बऱ्याच अंशी त्या गिरण्यांच्या हाती राहिला.

कारंजा लाड म्हटलं की बहुतेक मराठी माणसांना नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आठवतं. जैनांना भट्टारकांच्या गाद्या आणि तिथले हस्तलिखितांचे भांडार आठवतात. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस ही वेशींची नावंच सांगतात की वाटा चहूकडून इथे येत होत्या. गाव जुनं आणि व्यापारी होतं. १८५३च्या करारानंतर वऱ्हाड निजामाच्या नावावर पण इंग्रजांच्या कारभाराखाली आला, अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरचा कापूस तोडला आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकाएकी जगभरातून मागणी आली. रेल्वे १८६७ पर्यंत नागपूरला पोचली होती. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. पऱ्हाटी जिकडे तिकडे झाली.

बाजार नियंत्रित करण्याची वेळ का आली, हे समजायला तो आधी कसा चालत असे ते पाहायला हवं. शेतकरी बंडीत कापूस भरून येई. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. ज्याचा माल, त्यालाच भाव कळत नसे. या हत्ता पद्धतीवर मग वजनातली मारामार, कडता, धर्मादाय, हमाली, तोलाई अशा कपातींचा थर चढे. बंडी रिकामी होईपर्यंत शेतकऱ्याच्या हातात काय पडणार याचा अंदाज फक्त समोरच्याला असे. नियंत्रित बाजाराने एक ठरलेली जागा दिली, परवाने दिले, वजन-मापांवर नजर ठेवली. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदाच झाला. मुंबई इलाख्याचा १९२७चा कापूस बाजार कायदा आणि १९२८ सालच्या शेतीविषयक रॉयल कमिशनच्या शिफारशी याच वऱ्हाडी अनुभवावर उभ्या होत्या. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची वंशावळ अशी कारंज्यापर्यंत येते.

हा सगळा खटाटोप सरकारने शेतकऱ्याच्या प्रेमापोटी केला नव्हता. लँकेशायरच्या गिरण्यांना स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस हवा होता. पण अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि लँकेशायर पुन्हा अमेरिकन लांब धाग्याकडे वळलं. वऱ्हाडात पुढच्या काळात जुनी बारीक धाग्याची बनी मागे पडत होती आणि जरी, रोझियम अशा आखूड, जाडसर धाग्याच्या जाती पसरत होत्या. इंग्रज अधिकाऱ्यांनी यावर शेतकऱ्याला खूप बोल लावले. त्याला दर्जा कळत नाही, तो आळशी आहे, असं ते लिहीत राहिले. शेतकऱ्याचा हिशेब मात्र पक्का होता. रोझियम लवकर तयार होई, एकरी जास्त येई आणि सरकी काढल्यावर रुईचा उतारा भरघोस मिळे. चांगल्या धाग्याला व्यापारी जो जास्त भाव देत, त्यातून बनीचं नुकसान भरून निघत नव्हतं. मग बनी कोणी आणि का पेरावी?

हा आखूड धागा घेणारं गिऱ्हाईक पूर्वेला तयार होत होतं. जपानी सूतगिरण्या सुरुवातीला चिनी कापूस वापरत. १८८९ साली त्यांचे प्रतिनिधी भारतात येऊन कापसाची पाहणी करून गेले. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले आणि निप्पॉन युसेन काइशा या जहाज कंपनीशी त्यांनी करार केला. त्याच वर्षी मुंबई-कोबे मार्ग सुरू झाला. या मार्गावर मक्तेदारी असलेल्या ब्रिटिश पी अँड ओ कंपनीने भाडी पाडून टाटांना हैराण केलं, पण जपानी गिरणीमालकांच्या संघाने आपला माल याच जहाजांना द्यायचं ठरवलं आणि मार्ग टिकला. १८९६ साली जपानने कच्च्या कापसावरची आयात जकात काढून टाकली.

जपानी गिरण्यांचं खरं कसब मिश्रणात होतं. अमेरिकन लांब धागा, चिनी आणि भारतीय आखूड धागा हे सगळं ठरावीक प्रमाणात मिसळून, रिंग फ्रेमवर पेलेल असं सूत त्या काढत. भाव बदलले की प्रमाण बदले. मुंबईच्या बाजारात ऊमरा या नावाने विकला जाणारा वऱ्हाडी कापूस या मिश्रणात चपखल बसला. मुंबईच्या गिरण्या चीनला सूत विकत होत्या. जपानी सुताने तिथे त्यांना हळूहळू हटवलं आणि त्या सुतात कापूस वऱ्हाडचाही होता. गिरणगावाला याची झळ बसली, तेव्हा कारंज्याच्या बाजारात मात्र गिऱ्हाईक वाढलं होतं. मुंबई आणि वऱ्हाड यांचे हितसंबंध इथून वेगळे झाले, आणि जपानबद्दलची मतंही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची लाइन कारंज्यावरून गेली. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या व्यवस्थापनाखालच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाइन, लोकांची ‘शकुंतला’. गाठी मूर्तिजापूरला मोठ्या रेल्वेवर चढत आणि मुंबई बंदरात उतरत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मित्सुई, जपान कॉटन ट्रेडिंग, गोशो या जपानी पेढ्या मुंबईत थांबून माल घेण्याऐवजी कापूस पिकतो त्या मुलखात थेट खरेदी करू लागल्या होत्या. भारतातून जाणाऱ्या कच्च्या कापसाचा काही वर्षी जवळपास निम्मा भाग जपानला जाई.

याच काळात मराठी सुशिक्षितांच्या मनात जपानचं एक वेगळंच चित्र तयार होत होतं. १९०५ साली जपानने रशियाला हरवलं आणि एका आशियाई देशाने युरोपीय सत्तेला नमवल्याचा आनंद पुण्या-मुंबईपासून अमरावतीपर्यंत पसरला. तरुण उद्योग शिकायला जपानला जाऊ लागले. तळेगावच्या पैसाफंड काच कारखान्याची उभारणी करणारे ईश्वरदास वार्ष्णेय जपानात शिकून आले होते. धोंडो केशव कर्व्यांच्या हाती तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आली आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केलं. शिस्त, स्वावलंबन, शिकलेल्या स्त्रिया असा जपान या वाचकवर्गाला दिसला. तो खोटा नव्हता. पण वऱ्हाडचा कापूस ज्या जपानात जात होता, तो याच्याबाहेरचा होता.

त्या जपानातल्या सूतगिरण्यांत बहुसंख्य कामगार मुली होत्या, गरीब शेतकरी घरांतून आलेल्या. दलाल गावात येई, बापाच्या हातावर आगाऊ रक्कम ठेवी, आणि मुलगी ती फेडण्यासाठी गिरणीत जाई. राहणं गिरणीच्याच वसतिगृहात, बाहेर जायला मुभा थोडी. दिवसपाळी आणि रात्रपाळी, अकरा-बारा तासांची, आलटून पालटून. क्षयाने खंगलेल्या मुली गावी परत पाठवल्या जात आणि त्यांच्याबरोबर क्षयही गावात शिरे. जपानने १९११ साली कारखाना कायदा केला, तो १९१६ साली अमलात आला, पण स्त्रियांच्या रात्रपाळीला त्यातून दीर्घ मुदतीची सवलत मिळाली. होसोई वाकिझो या कामगाराने १९२५ साली या मुलींच्या हालांवर पुस्तक लिहिलं आणि जपान हादरला. रात्रपाळी थांबली १९२९च्या जुलैमध्ये. भारतात फ्रँक नॉइस यांच्या अध्यक्षतेखालच्या टॅरिफ बोर्डाने तोवर याच रात्रपाळीचा उल्लेख करून जपानी स्पर्धा न्याय्य नसल्याचं म्हटलं होतं. मुंबईच्या गिरणीमालकांना या मुलींचा कळवळा होता असं मानायला आधार नाही. त्यांच्याच गिरण्यांतली स्थिती काही सुखाची नव्हती. पण या निमित्ताने जपानी समाजाची दुसरी बाजू भारतातल्या सरकारी अहवालांत आणि वर्तमानपत्रांत आली, हे खरं.

वऱ्हाडात कापूस वेचणाऱ्याही बायाच होत्या, आणि रुईच्या धुरळ्यात जिनिंगमध्ये सरकी वेगळी करायच्या यंत्रांपुढे बसणाऱ्याही. कारंज्याच्या शिवारात वेचलेलं बोंड आणि ओसाकाच्या रात्रपाळीतलं सूत या दोन्ही टोकांना सर्वांत कमी मजुरी बाईच्याच वाट्याला होती. दोन्ही देशांतल्या व्यापारी करारांच्या वाटाघाटींत या दोघींपैकी एकीचंही नाव निघालं नाही.

जपानबद्दलच्या या मतांची खरी परीक्षा १९३३ साली झाली. मंदीने कापसाचे भाव आधीच कोसळले होते. डिसेंबर १९३१मध्ये जपानने सुवर्णचलन सोडलं, येन घसरला आणि स्वस्त जपानी कापड भारतात येऊ लागलं. सरकारने ब्रिटनबाहेरच्या कापडावरची जकात १९३२च्या ऑगस्टमध्ये ५० टक्के आणि १९३३च्या जूनमध्ये ७५ टक्के केली. मुंबईत स्वागत झालं. जपानी गिरणीमालकांनी उत्तर म्हणून भारतीय कापूस घेणंच बंद केलं.

आखूड धाग्याला दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. लँकेशायरची यंत्रं लांब धाग्याला सरावलेली होती. मुंबई गिरणीमालक संघाचे एच. पी. मोदी आणि लँकेशायरचे विल्यम क्लेअर-लीस यांच्यात त्या ऑक्टोबरमध्ये करार झाला, त्यात लँकेशायरने भारतीय कापूस जास्त वापरण्याचं आश्वासन दिलं, पण आश्वासनाने गाठी उचलल्या जात नाहीत. ज्याला स्वदेशी म्हणून जपानी कापड नको, आणि ज्याचा कापूस जपानच घेतो, अशा शेतकऱ्याने कोणती बाजू घ्यावी? शहरातल्या वर्तमानपत्रांना हा प्रश्न फारसा पडला नाही. त्या वर्षीच्या जपानविरोधी भावनेत गिरणीचा आवाज मोठा होता आणि शेताचा जवळजवळ नव्हता, याची खंत आजही वाटावी अशीच आहे.

शेवटी जपानी शिष्टमंडळ आलं, सिमला आणि दिल्लीत महिनोन्‌महिने बोलणी चालली आणि जानेवारी १९३४मध्ये तोडगा निघाला. जपानने वर्षाला १० लाख गाठी घेतल्या तर त्याला ३२.५ कोटी वार कापड भारतात विकता येईल. १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार. कापडावरची जकात ५० टक्क्यांवर आली. शेतकऱ्याचा कापूस आणि परदेशी कापड एकाच कलमात बांधणारा हा करार होता. त्यात शेतकऱ्याला निदान गिऱ्हाईक परत मिळालं.

कापसावरचा जपानी बहिष्कार चालू असतानाच, १९३३च्या ऑक्टोबरमध्ये, निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला. विदर्भाला जपानचा हा चेहराही त्याच हंगामात दिसला, व्यापाराशी काहीही देणंघेणं नसलेला. डिसेंबर १९४१मध्ये जपान युद्धात उतरला तेव्हा सेवाग्रामच्या आश्रमात राहणाऱ्या जपानी भिक्षूला पोलिस घेऊन गेले.

कापसाचा व्यवहार त्याआधीच, जुलै १९४१मध्ये, ब्रिटिश साम्राज्याने जपानी मालमत्ता गोठवल्यावर थांबला होता. आखूड धाग्याच्या गाठी पडून राहिल्या. सरकारने आयात कापसावर जादा कर बसवून त्यातून या शेतकऱ्यांसाठी निधी उभा केला आणि कापसाऐवजी धान्य पेरा असा प्रचार सुरू झाला. युद्धानंतर जपानी गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या, पण भारताच्या गिरण्यांना आता लांब धागा हवा होता आणि फाळणीत सिंध-पंजाबचा कापूस पलीकडे गेला होता. वऱ्हाडात वाण बदलत गेले. रोझियम शेतांतून गेला. १९७२ पासून महाराष्ट्र सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजनेत स्वतःच खरेदीदार होऊन पाहिलं. १ जुलै १९९८ रोजी कारंजा अकोल्यातून नव्या वाशिम जिल्ह्यात गेलं. शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९९४ साली निघालं, डिझेल आलं, आणि पुढे गाडीच बंद पडली. तोवर कारंज्याच्या बाजार समितीच्या आवारात कापसाच्या बंड्यांच्या जागी सोयाबीनची पोती उतरू लागली होती.