ओसरीवरच्या शाळा

मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण थोरांची नावे घेतो. मला मात्र मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील विद्यार्थ्यांची आठवण करून द्यावीशी वाटते.

१८४८ साली तेथे ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली आणि १८४९ मध्ये तिने मुलींच्या शाळा काढल्या. शिकवणारे कोण? हेच तरुण! दादाभाई नौरोजीही त्यांत होते. सकाळी बिनपगारी शिकवावे आणि मग आपल्या कामाला जावे, असा त्यांचा क्रम. पण वर्गाला जागा नव्हती. ते दारोदार फिरले. मुली पाठवा, ओसरीही द्या, म्हणून विनवू लागले. काही बापांनी पायऱ्यांवरून लोटून देण्याची धमकी दिली; काहींनी दार उघडले. नाना शंकरशेटांनी आपल्या वाड्यात जागा दिली, कामा कुटुंबाने पैशाचे साहाय्य केले.

मुलांजवळ विद्या होती, घरवाल्यांजवळ ओसरी. दोन्ही जुळली तेव्हा शाळा झाली.

भगिनींनो, कॉलेजच्या मुली आपल्या वस्तीत साक्षरतेचा वर्ग घ्यायला तयार आहेत. मंडळाची खोली दुपारी रिकामीच असते. तिची किल्ली त्यांना देण्याचा ठराव यंदा व्हावा, अशी माझी विनंती आहे.