बेल्ट की गिअर? छोट्या विमानातल्या विजेची गोष्ट

विषय ऐकून काही जण म्हणतील, अल्टरनेटर फिरवण्याचा कसला आलाय इतिहास? पण विचार करा: रात्र आहे, विमान ढगात आहे आणि वीज गेली. रेडिओ गप्प, स्क्रीन काळ्या. ती वीज ज्या बेल्टवर किंवा गिअरवर चालते, त्याची ही गोष्ट.

सुरुवात करू अमेरिकेतल्या पायपर जे-3 कबपासून. 1938 सालचं हे विमान. साध्या कबमध्ये बॅटरी नाही, स्टार्टर नाही. पंखा हाताने फिरवायचा, की इंजिन सुरू. ठिणगी देतो मॅग्नेटो. तो आपली वीज आपणच तयार करतो, बॅटरीशी त्याचं देणंघेणं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

1946 मध्ये सेसनाने दोन भावंडं आणली. 120 हे साधं आणि स्वस्त. 140 जरा ऐटीतलं, स्टार्टर आणि जनरेटर असलेलं. जनरेटर कॉन्टिनेन्टल इंजिनाच्या मागे, थेट गिअरवर. गिअर घसरत नाही, सैल पडत नाही. पण जनरेटर जाम झाला, तर धक्का थेट इंजिनाच्या गिअरला बसणार.

1960 च्या दशकात अल्टरनेटर आले. इंजिन हळू फिरत असतानाही ते बऱ्यापैकी वीज देतात. कॉन्टिनेन्टलच्या गिअरवाल्या अल्टरनेटरमध्ये मधे रबराचं कपलिंग असतं. अल्टरनेटर अडकला, तर कपलिंगने मरावं आणि गिअरला वाचवावं. कल्पना झकास! फक्त फाटलेल्या रबराचे तुकडे इंजिनाच्या तेलात जाऊ शकतात, ही खरी डोकेदुखी.

लायकॉमिंगची तऱ्हा वेगळी. 1968 च्या मॉडेलपासून सेसना 172 मध्ये त्यांचं ओ-320 इंजिन आलं. प्रोपेलरच्या मागे मोठी पुली, बाजूला छोट्या पुलीचा अल्टरनेटर आणि दोघांत एक बेल्ट. बेल्ट तुटला तर वीज बंद, पण मॅग्नेटो चालू, म्हणजे इंजिनही चालू. तोटा एकच: नवीन बेल्ट चढवायला प्रोपेलर उतरवावा लागतो. म्हणून काही मेकॅनिक प्रोपेलर खाली असतानाच एक जादा बेल्ट आत बांधून ठेवतात. आहे की नाही देशी जुगाडाची आठवण!

मग तिसरी वाट निघाली. जुन्या विमानांत जायरोची उपकरणं फिरवायला व्हॅक्यूम पंप असायचा. आता स्क्रीन आल्या आणि पंप नकोसा झाला. त्याच्या मोकळ्या जागी छोटा अल्टरनेटर बसतो. लायकॉमिंगच्या चार सिलिंडरवाल्या इंजिनांत ती जागा क्रँकशाफ्टच्या 1.3 पट वेगाने फिरते. म्हणजे इंजिन 2,700 फेऱ्यांवर असलं, तरी इथे 3,510 च. त्यामुळे वीज थोडीच मिळते, काही मॉडेलमध्ये अवघे 8 अँपिअर. पण मुख्य अल्टरनेटर गेल्यावर गरजेपुरती उपकरणं चालवायला तेवढी पुरते. रोटॅक्स 912 ने तर बेल्टच टाळला. त्याचा साधारण 250 वॅटचा जनरेटर इंजिनातच बसवलेला असतो.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातून एकच प्रश्न उरतो. किती वीज मिळते, हे नंतर बघा. आधी विचारा, हे मोडलं तर सोबत काय घेऊन जाईल? बेल्ट फक्त वीज नेतो. गिअर तुटला तर इंजिनही धोक्यात येतं.

पण आता हौशी मंडळी घरी बांधलेल्या विमानांत मॅग्नेटो काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतायत. त्यातल्या बऱ्याच प्रकारांना विमानाची वीज लागते. दोन्ही मॅग्नेटो काढले आणि पर्यायी वीज ठेवली नाही, तर बेल्ट तुटल्यावर बॅटरी असेपर्यंतच इंजिन चालणार. कबच्या काळापासून मिळालेलं संरक्षण तिथे संपतं. म्हणून दुसरा अल्टरनेटर किंवा जादा बॅटरी ही आता चैन नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. प्रश्न असतील तर नक्की कळवा!