विमानाच्या इंजिनाचें आयुष्य

मोटार रस्त्यांत बंद पडली तर आपण खालीं उतरतों, झांकण उघडून पाहतों, आणि फारच झालें तर चार वाटसरूंना हांक मारून गाडी ढकलतों. आकाशांत ही सोय नाहीं. म्हणून उडतें इंजिन बंद पडण्यापूर्वींच तें उघडावें हा नियम विमानविद्येंत प्रथमपासून आहे. पण किती आधीं? कारखान्यांत ज्याला ओव्हरहॉल म्हणतात, म्हणजे इंजिन पुरतें उकलून, प्रत्येक भाग मोजून, झिजलेला टाकून पुन्हा जोडणें, तें किती तासांनीं करावें? इंजिनाचें वय धांवलेल्या तासांवर मोजतात. आज लहान विमानांत सर्रास दिसणाऱ्या चार सिलिंडरांच्या लायकमिंग इंजिनांपैकीं पुष्कळांना त्यांचे कर्ते दोन हजार तास किंवा बारा वर्षें, यांपैकीं जें आधीं येईल तें, अशी मुदत सांगतात. हा आंकडा कसा वाढत गेला आणि त्यावर कितपत विसंबावें, हें आम्हीं येथें पाहणार आहों.

आरंभ अर्थातच १९०३ सालच्या १७ डिसेंबरपासून. राइट बंधूंच्या सायकलींच्या दुकानांत काम करणाऱ्या चार्ल्स टेलर या कारागिरानें सुमारें बारा अश्वशक्तीचें इंजिन अवघ्या सहा आठवड्यांत घडविलें होतें. त्या दिवशींच्या चारही उड्डाणांची बेरीज केली तर दोन मिनिटेंही भरत नाहींत. शेवटच्या उड्डाणानंतर वाऱ्याच्या झोतानें विमान उलथलें, इंजिन फुटलें, आणि तें पुन्हा कधीं उडालें नाहीं. झिजण्याचा प्रश्न त्याच्यापुढें आलाच नाहीं.

पुढें फ्रान्समध्यें सेगें बंधूंचें ‘नोम’ इंजिन निघालें. त्यांत मधला दांडा स्थिर, आणि सारे सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरत. त्याला वंगण म्हणून लागे तें आपलें घरगुती एरंडेल. तें एकदां आंत गेलें कीं जळून किंवा उडून बाहेर पडे, आणि वैमानिकाच्या तोंडावर व कपड्यांवर त्याचा लेप बसे. पहिल्या महायुद्धांत याच जातीच्या इंजिनांवर हजारों तरुण लढले. कांहीं दहा तास उडालें कीं तें इंजिन उकलावें लागे. ज्या सैन्यांत विमानाचेंच आयुष्य थोडकें, तेथें याचें कोणास फारसें वाईट वाटलें नसावें.

युद्ध संपल्यावर मात्र हिशेब बदलला. हौशी माणसाला स्वतःच्या पैशानें उडावयाचें तर दर महिन्यास इंजिन उकलून चालणार नव्हतें. सर्वांत आधीं जळे तो धूर बाहेर सोडणारा व्हाल्व्ह. त्याची दांडी पोकळ करून तींत उष्णता वाहून नेणारा पदार्थ भरावयाचा, ही सॅम हेरनची युक्ति. राइट ‘व्हर्लविंड’ इंजिनांत ती आली आणि १९२७ च्या मे महिन्यांत लिंडबर्गला तेंच इंजिन साडेतेहतीस तास न थांबतां न्यूयॉर्कहून पॅरिसला घेऊन गेलें.

परंतु खरी कसोटी आमच्या मतें या गाजलेल्या उड्डाणानें झाली नाहीं. ती इंग्लंडांतल्या एका रुक्ष प्रयोगानें झाली. फ्रँक हॅल्फर्डनें डी हॅव्हिलंड कंपनीसाठीं आंखलेलें ‘जिप्सी’ इंजिन नवीन होतें. कंपनीनें १९२८ च्या अखेरीस एका इंजिनाला मोहोर लावून तें ‘मॉथ’ विमानांत बसविलें आणि नित्याच्या देखरेखीपलीकडे त्याला हात न लावतां नऊ महिन्यांत ६०० तास उडविलें. नंतर मोहोर फोडून पाहतां झिजलेले भाग बदलण्यास खर्च आला तो सात पौंडांच्या आसपास! साहसाची कीर्ति एका माणसाला मिळते. या सात पौंडांच्या बिलानें शेंकडों सामान्य माणसांना विमान बाळगण्याचा धीर दिला.

त्याचें फळ लगेच दिसलें. १९३० सालीं ॲमी जॉन्सन ही इंग्रज युवती जिप्सी मॉथ घेऊन एकटी ऑस्ट्रेलियाकडे निघाली आणि वाटेंत झांशीच्या परेड मैदानावर उतरली. त्याच वर्षीं आगाखान पारितोषिकासाठीं इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यामध्यें एकट्यानें उडण्याची चढाओढ लागली. किशोरवयीन अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून इकडे येत होते, जे. आर. डी. टाटा कराचीहून तिकडे चालले होते. इजिप्तमध्यें अबूकीर येथें दोघांची गांठ पडली, तेव्हां अस्पी प्लगांवांचून अडकून पडले होते. टाटांनीं आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले, आणि पारितोषिक अस्पींनीं जिंकलें. टाटांच्या दिलदारीची ही गोष्ट पुष्कळदां सांगितली जाते व ती सांगण्यासारखीच आहे. पण तींत आणखी एक बारीक गोष्ट आहे. हजारों मैलांच्या प्रवासांत अडले ते प्लग, इंजिनाचा गाभा नव्हे! दोन वर्षांनीं, १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं, टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, तेंही जिप्सीच्याच घराण्यांतील इंजिनाच्या ‘पस मॉथ’मधून. पावसाळ्यांत जुहू पाण्याखालीं जाई, तेव्हां मुक्काम पुण्यास हलवावा लागे.

इकडे अमेरिकेंत निराळाच खेळ चालला होता. मिसिसिपींतील मेरिडियन गांवच्या अल् व फ्रेड की या बंधूंनीं १९३५ च्या जूनमध्यें ‘कर्टिस रॉबिन’ विमान आकाशांत नेलें तें सत्तावीस दिवसांनीं खालीं आणलें. दुसऱ्या विमानांतून नळीनें पेट्रोल घ्यावयाचें; आणि इंजिनाजवळ बांधलेल्या अरुंद फळीवर, पंखा फिरत असतां, एकानें जाऊन त्याची देखभाल करावयाची. ६५३ तासांहून अधिक काळ तें इंजिन थांबलें नाहीं. याहून अचाट प्रकार १९५८–५९ चा. टिम व कुक हे दोघे लास व्हेगास भागांत ‘सेसना’ विमानांत चौसष्ट दिवस बावीस तास उडत राहिले. खालीं रस्त्यावरून मालमोटार धांवे, तींतून नळी ओढून घेऊन पेट्रोल भरीत. तेल व गाळणी बदलण्याची सोयही उडत्या विमानांतच केलेली होती. दीड हजार तासांहून अधिक काळ अखंड चालल्यावर आंत काजळी इतकी सांचली कीं विमान जेमतेम वर चढे, तेव्हां ते उतरले.

असें जर आहे तर एखाद्या हौशी मालकाचें इंजिन सात-आठशे तासांतच कां बिघडतें? उत्तर असें कीं तें उडत नाहीं म्हणून! सतत गरम राहिलेल्या इंजिनांत ओल टिकत नाहीं. महिना-महिना छपराखालीं उभ्या असलेल्या विमानांत वंगण खालीं निथळतें. लायकमिंगमध्यें व्हाल्व्ह हलविणारा कॅमचा दांडा वरच्या अंगास असतो. तो कोरडा पडतो व त्यावर गंज चढतो. पुढें इंजिन सुरू झालें कीं गंजलेली जागा खवले-खवले होऊन झिजूं लागते. कोंकणपट्टीसारख्या खाऱ्या हवेंत तर विचारावयासच नको. बारा वर्षांची अट आली ती यासाठीं.

दुसरा धोका याहून चमत्कारिक आहे. दुसऱ्या महायुद्धांत पाणबुड्यांच्या शोधार्थ समुद्रावर फिरणाऱ्या ब्रिटिश विमानांची दर पन्नास तासांनीं कसून तपासणी होई. सी. एच. वॉडिंग्टन हा मूळचा जीवशास्त्रज्ञ. त्यानें बिघाडांच्या नोंदी मांडून पाहिल्या. तपासणीनंतर बिघाड कमी व्हावे आणि पुढील तपासणी जवळ येई तों वाढावे, ही कोणाचीही अपेक्षा. आढळलें तें उलट! तपासणी होतांच बिघाड सर्वांत जास्त, मग हळूहळू कमी. चांगलें बसलेलें यंत्र उघडण्यांतच नवीन दोष शिरत होते. दोन तपासण्यांमधील अंतर वाढवितांच विमानें अधिक तास आकाशांत राहूं लागलीं. आमच्या घरचें भिंतीवरचें घड्याळ घड्याळजीकडून ‘साफ’ होऊन आलें कीं आठवडाभर रुसतें, तें आम्हांस येथें आठवलें. तपासणी व ओव्हरहॉल एक नव्हेत, हें खरें. पण पुढें १९७८ मध्यें नोलन व हीप यांनीं मोठ्या प्रवासी विमानांविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांतही ६८ टक्के भाग नवे बसविल्याबरोबरच अधिक बिघडतात, आणि वयानें नव्हे, असेंच दिसून आलें.

म्हणून दोन हजारांचा आंकडा हा वयाचा दाखला नव्हे. तो इंजिनकर्त्याचा सल्ला आहे, आणि अमेरिकेंत खासगी मालकावर तो कायद्यानें बंधनकारकही नाहीं. शहाणा मालक आतां तेलांतील धातूचा अंश प्रयोगशाळेंत तपासून घेतो, प्लगच्या छिद्रांतून बारीक दुर्बीण आंत घालून सिलिंडर पाहतो, आणि मगच उकलावयाचें कीं नाहीं तें ठरवितो. आणि उकललेंच, तर जोडून आलेल्या इंजिनावर पहिले कांहीं तास तो दूर कोठें जात नाहीं. विमानतळाभोंवतींच, सहज उतरतां येईल इतक्या अंतरावर, एकटाच घिरट्या घालीत राहतो.