कॅट ज्याचा त्याचा

मेंढीकोट असो की रमी, पत्त्यांचा कॅट सगळ्यांचा एकच असतो. पिसायचा, वाटायचा आणि पाने वाईट आली की नशिबाला बोल लावायचा. ऑगस्ट 1993 मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ने ही सोयच काढून घेतली. इथे प्रत्येक खेळाडू आपापला कॅट, त्यांच्या भाषेत डेक, घरून बांधून आणतो. पाने वाईट निघाली, तर ती निवडणाराही तोच.

खेळाचे जनक रिचर्ड गारफिल्ड हे गणिती. पत्ते बंद पाकिटांतून विकले जात, त्यांतले काही मुद्दाम दुर्मिळ ठेवलेले. लोक एखाद-दुसरे पाकीट घेतील आणि जबरदस्त पत्ते मित्रमंडळीत एखाद्याकडेच असतील, असा त्यांचा अंदाज होता. म्हणून नियम सैल होते: डेकमध्ये किमान 40 पत्ते हवेत, एकच पत्ता कितीही वेळा चालेल.

लोकांनी खोकीच्या खोकी उचलली.

मग काय झाले, ते एका डावात दिसते. दोघांकडे प्राणाचे 20-20 गुण असतात. शून्य झाले की हरलात. पहिल्याच खेळीला ‘माउंटन’ हा जमिनीचा पत्ता टाकायचा. त्यातून एक एकक लाल शक्ती, त्यांच्या भाषेत ‘मॅना’, मिळते. ‘ब्लॅक लोटस’मधून तीन एकके हिरवी शक्ती. त्यांतली दोन मोजून ‘चॅनल’ खेळायचा. हा पत्ता स्वतःचे प्राण विकून शक्ती घेऊ देतो. 19 प्राण विकायचे, उरलेले एक हिरवे एकक त्यात घालायचे आणि लाल शक्तीने ‘फायरबॉल’ पेटवायचा: बरोबर 20 चा फटका. समोरच्याने अजून एकही पान टाकलेले नसते! लोटस हवे तितके ठेवता येत असतील, तर हा योग दुर्मिळ राहत नाही.

1994 मध्ये स्पर्धांसाठी नवे बंधन रूढ झाले: किमान 60 पत्ते, आणि साध्या जमिनी सोडून कोणताही पत्ता जास्तीत जास्त चार वेळा. लोटससारखे तर एकच. चार प्रतींचा पत्ता पहिल्या सात पानांत येण्याची शक्यता 40 पत्त्यांच्या डेकमध्ये 55 टक्के असते, 60 मध्ये 40 टक्के, आणि 80 केले तर 31. त्यामुळे कसलेला खेळाडू सहसा साठावर एकही पत्ता वाढवत नाही. आवडता पत्ता बाहेर ठेवणे, हेच यातले अवघड काम.

कॅलिफोर्नियाच्या ब्रायन वाइसमन यांनी ते कठोरपणे केले. ‘द डेक’ नावाने गाजलेल्या त्यांच्या रचनेत लढणारे जीव जेमतेम दोन, ‘सेरा एंजल’चे. बाकी सगळे पत्ते समोरच्याचे डाव मोडायला आणि स्वतः जास्त पाने ओढायला. हातात पाने जास्त त्याची सरशी, हा त्यांचा सिद्धांत.

याच्या नेमके उलटे 1996 मध्ये अटलांटात घडले. पॉल स्लाय यांनी जे श्नायडर यांनी बांधलेला लाल डेक पात्रता स्पर्धेत उतरवला आणि दुसरा क्रमांक मिळवला. त्यात ‘आयर्नक्लॉ ऑर्क्स’सारखे पत्ते होते: दोन एककांत मिळणारा, दोनचा मार देणारा, पण दोन किंवा जास्त ताकदीच्या शत्रूला न अडवणारा भित्रा ऑर्क. असले पत्ते लोक अडगळीत टाकत. श्नायडर यांनी पत्त्याचा रुबाब पाहिला नाही, शक्तीतली किंमत पाहिली. पहिल्या फेरीला एककाचा, दुसरीला दोनाचा, असे मोजून पत्ते भरले, म्हणजे एकही फेरी वाया जाऊ नये. या मांडणीला पुढे ‘मॅना कर्व्ह’ म्हणू लागले. लोटसची बाजारातली किंमत आज गगनाला भिडली असली, तरी डेक बांधण्याची विद्या या भित्र्या ऑर्कनेच जास्त शिकवली.

चारची मर्यादा स्पर्धांत आजही आहे. मात्र खेळाडूंनीच घडवलेल्या आणि 2011 पासून खेळाची कंपनी ज्याचे तयार डेक विकते त्या ‘कमांडर’ प्रकारात पत्ते 100 लागतात, आणि साध्या जमिनी सोडल्या तर प्रत्येक पत्ता एकदाच.