'चाल' नावाची ओळ : १८८० चे नाट्यसंगीत आणि खानदेशातले गाणे

'संगीत सौभद्र' वर्गात शिकविण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना एक अडचण नक्कीच जाणवली असेल. संवाद वाचून दाखविता येतात, कथानकातील गुंतागुंत फळ्यावर मांडता येते. पण पद आले की आवाज अडखळतो. पद गद्यासारखे वाचावे तर ते कोरडे होते आणि गावे तर तो तास मराठीचा राहत नाही. मग बहुतेक जण पदाचा अर्थ सांगून पुढे जातात. एका विद्यार्थिनीने मला एकदा विचारले, "सर, पदाच्या वर 'चाल' म्हणून जे लिहिले आहे, ते परीक्षेला आहे का?" मी 'नाही' म्हणालो. ते उत्तर परीक्षेपुरते बरोबर होते. साहित्याच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र ते चूक होते, असे मला पुढे वाटत राहिले. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

आरंभ १८८० या वर्षापासून करू. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. हे गृहस्थ तेव्हा सरकारी महसूल खात्यात नोकरीला होते. पारशी मंडळीने केलेला 'इंद्रसभे'चा प्रयोग पाहून आपल्या भाषेत असे का होऊ नये, ही ईर्ष्या त्यांच्या मनात उत्पन्न झाली, हे सर्वश्रुत आहे. सोकर बापूजी त्रिलोकेकरांचा 'नल-दमयंती'चा प्रयत्न त्यांच्या आधीचा, १८७९ चा. परंतु मराठी संगीत रंगभूमीची परंपरा रुजली ती किर्लोस्करांपासून. त्यानंतर १८८२ मध्ये 'सौभद्र' आले, त्याच वर्षी बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर मंडळीत दाखल झाले, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे महाराष्ट्राने नाटक पाहिले त्यापेक्षा अधिक ऐकले.

याच १८८० साली आणखी दोन गोष्टी घडल्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशाविषयीचा बारावा खंड त्या वर्षी प्रसिद्ध झाला. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता व त्याचे ठाणे धुळ्यास होते; पूर्व आणि पश्चिम अशी त्याची विभागणी १९०६ मध्ये झाली. आणि त्याच वर्षाच्या श्रावणात जळगावजवळच्या आसोदे गावी एका शेतकरी कुटुंबात बहिणाबाईंचा जन्म झाला. पुण्यातले नाट्यगृह, सरकारी ग्रंथ आणि आसोद्याचे घर यांचा परस्परांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो गाण्याचा आहे.

आपल्याकडे संगीत नाटकाला 'आपला ऑपेरा' म्हणण्याची एक सवय आहे. तुलना वाईट नाही, पण तिने एक मूलभूत फरक झाकला जातो. १८८७ मध्ये मिलानला 'ओथेल्लो'वरचा ऑपेरा रंगभूमीवर आला तो वेर्दीचा म्हणून. त्याची संहिता रचणारा बोइतो हा स्वतः चांगला कवी असूनही दुसऱ्या क्रमांकावर राहिला. युरोपात ऑपेराचा कर्ता म्हणजे संगीतकार. आपल्याकडे 'सौभद्र' किर्लोस्करांचे, 'शारदा' देवलांची. कर्ता म्हणजे नाटककार. मग संगीत कोणाचे? याचे उत्तर छापील पुस्तकातील त्या लहानशा ओळीत आहे. पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द आणि त्यापुढे दुसऱ्याच एका गाण्याचे पहिले दोन-चार शब्द. अर्थात चाल नवी नव्हती. ती श्रोत्यांच्या कानात आधीपासून होती. नाटककाराने त्या ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसविले.

या चाली कोठून आल्या, हे पाहिले म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा सगळा नादसंसार समोर उभा राहतो. कीर्तनातल्या साक्या आणि दिंड्या, अंजनीगीत, कामदा, तमाशातल्या लावण्या, घरातली स्त्रीगीते व आरत्या, बैठकीतल्या ठुमऱ्या आणि रागदारीतल्या चिजा, आणि किर्लोस्करांचे बालपण बेळगाव जिल्ह्यात गेल्यामुळे त्यांच्या कानावर पडलेल्या कानडी पदांच्या चाली. १८९६ च्या 'वीरतनया'त श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी-गुजराती रंगभूमीवरच्या चटकदार चाली आणल्या, तेव्हा जुन्या रसिकांनी नाके मुरडली. पण तत्त्व तेच होते : चाल उसनी घ्यायची आणि शब्द आपले घालायचे.

यावरून एक समज तपासून पाहावासा वाटतो. नाट्यसंगीत म्हणजे शास्त्रीय संगीताचे लोकाभिमुख रूप, असे आपण सहज म्हणतो. हे वर्णन १९११ च्या 'मानापमाना'ला लागू पडते, कारण गोविंदराव टेंब्यांनी तेथे चाली देण्याचे काम स्वतंत्रपणे केले. १९१६ च्या 'स्वयंवरा'ला तर ते अधिकच लागू पडते, कारण भास्करबुवा बखल्यांनी रागदारीतल्या बंदिशींचा भक्कम पाया त्याला दिला. परंतु १८८० च्या दशकातले संगीत नाटक हे मुख्यतः प्रचलित गाण्यांचे संमेलन होते. विसाव्या शतकाचा कान घेऊन आपण एकोणिसावे शतक ऐकतो आणि लावणी व ओवी यांचे ऋण नकळत पुसून टाकतो.

आता खानदेशाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळला पोचली व तेथून एक फाटा नागपूरकडे गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला भाव आला आणि जळगावची बाजारपेठ वाढली. धुळे जिल्ह्याचे ठाणे खरे. पण चाळीसगाव-धुळे हा फाटा १९०० मध्ये सुरू होईपर्यंत तेथे जायचे म्हणजे आग्रा रोडची धूळ खात गाडीने जायचे. नाटक मंडळीचा संसार म्हणजे पडदे, पेट्या, पोशाख आणि माणसे. असा संसार रेल्वेच्या रुळांवरून वऱ्हाड-नागपूरकडे जाऊ-येऊ लागला, तेव्हा वाटेवरच्या कापसाच्या गावांत मुक्काम पडणे स्वाभाविक होते.

जेथे पैसा खेळतो तेथे गाणे येते. नारायण श्रीपाद राजहंस (जन्म १८८८), म्हणजे पुढचे बालगंधर्व, यांचे संगीताचे प्राथमिक शिक्षण जळगावला मेहबूबखाँ यांच्याकडे झाले. ही नोंद चरित्रांत एका वाक्यात येते व तेवढ्यावरच संपते. मला ती फार अर्थपूर्ण वाटते. दरबारांचा आश्रय आटत चालला असताना एक मुसलमान गवई जळगावसारख्या व्यापारी गावात एका ब्राह्मण मुलाला सूर देतो, आणि तो मुलगा १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभा राहतो! लावणीच्या व साकीच्या चालींवर उभ्या राहिलेल्या रंगभूमीत रागदारी कोणत्या वाटांनी शिरली, याचा एक धागा असा खानदेशातून जातो. आज जळगावात बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे. मेहबूबखाँचे नाव मात्र चरित्रातल्या त्या एका वाक्यातच उरले आहे.

पण याच जळगावात त्याच काळात दुसरे एक गाणे चालू होते, आणि त्याला तिकीट नव्हते. बहिणाबाईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले व त्या जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरींच्या घरी आल्या. म्हणजे साधारण १८९३ चा सुमार. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात उठलेली धूळ तेव्हा पुरती खाली बसली नव्हती. पुढे १८९९ मध्ये देवलांची 'शारदा' रंगभूमीवर आली. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख तिने गाऊन सांगितले, आणि प्रेक्षक हेलावून गेले. ते गाणारा मात्र लुगडे नेसलेला मुलगा होता. ज्या वयाच्या मुलीचे दुःख पुण्या-मुंबईचा प्रेक्षक पैसे देऊन ऐकत होता, त्या वयाच्या खऱ्या मुली खानदेशात घरोघर जात्यावर बसून गात होत्या.

त्यांच्या गाण्याची समृद्धी खानदेशी माणसाला सांगायला नको. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींनी झोक्यावर बसून म्हटलेली गाणी, गौराईची गाणी, श्रावणातली कानबाईची गाणी. शिवाय पुरुषांच्या फडातले वहीगायन आणि तमाशा. अहिराणी आणि लेवा गणबोली यांच्यात हा सारा ठेवा आहे. आखाजीच्या गाण्यातली सासुरवाशीण आणि देवलांची शारदा या मावसबहिणी आहेत. एकीला छापखाना मिळाला, दुसरीला मिळाला नाही, इतकेच.

इतकेच? नाही, आणखी एक भेद आहे. शारदेच्या पदावर 'चाल' लिहावी लागली, कारण ते पद अनोळखी माणसांसाठी होते. जात्यावरच्या ओवीवर ती लिहिण्याचे कारणच नव्हते. चाल हवेत होती, जात्याच्या फिरण्यात होती, आईच्या गळ्यात होती. बहिणाबाईंच्या निधनानंतर (१९५१) सोपानदेवांनी त्यांची गाणी आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आली, तेव्हा शब्द वाचले; चाल मात्र कागदावर आली नाही. आपण त्यांना तत्काळ 'कवयित्री' म्हटले, आणि ते योग्यच होते. पण त्या आधी गाणाऱ्या होत्या. पुढे १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांनी त्यांच्या गीतांना सुंदर चाली दिल्या. आज माझ्या वर्गातली मुले बहिणाबाई गुणगुणतात ती त्या चालीत. आसोद्याची मुलेही तशीच गुणगुणतात. किर्लोस्करांनी लोकांच्या चालीवर आपले शब्द बसविले; येथे लोकांतल्या शब्दांवर चित्रपटाची चाल बसली. चक्र पूर्ण उलटे फिरले. यात दोष कोणाचा नाही, पण हानी झाली आहे हे मान्य करायला हवे.

आणखी एक आठवण या संदर्भात येते. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते, आणि धरणगावला जन्मलेल्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमऱ्यांना तेथे 'बालकवी' ही उपाधी लाभली. तेव्हाची कविता वृत्तात होती व ती म्हणायची असे. मूक वाचनाची सवय पुढे वाढली. म्हणजे एका पिढीच्या अंतरात, पाच-पंचवीस मैलांच्या टापूत, राजहंसांचा नारायण रियाज करीत होता, ठोमऱ्यांचा त्र्यंबक कविता म्हणत होता आणि चौधरींची सून दळताना गात होती. पहिल्या दोघांना समाजाने कौतुकाने 'बाल' हे उपपद दिले. तिसरीचे गाणे ऐकायला घरापलीकडचे कोणी नव्हते. आज तिच्या नावाने जळगावात विद्यापीठ आहे, हे काळाने केलेले परिमार्जन म्हणावे लागेल.

अभ्यासक्रमात आपण या तिघांना तीन कप्प्यांत ठेवतो : नाट्यवाङ्मय, आधुनिक कविता, लोकसाहित्य. कप्पे सोयीचे असतात, पण गाणे कप्प्यांत राहत नाही. 'चाल' ही ओळ त्या भिंतींमधली खिडकी आहे. जुन्या आवृत्तीतील त्या ओळी एकत्र केल्या तर एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्र काय गुणगुणत होता याची एक यादीच हाती येईल. त्यांतली पुष्कळ मूळ गाणी आता कोणाच्या गळ्यात नाहीत. ज्या आवृत्तीत त्या ओळी अडगळ म्हणून गाळल्या जातील, तेथे हा पुरावाही नाहीसा होईल. आणि ज्या गाण्यांवर ती ओळ कधी नव्हतीच, त्यांच्यासाठी आपल्याला अजून जिवंत असलेल्या गळ्यांकडे जावे लागेल. आखाजीला गावी जाणाऱ्या विद्यार्थिनींना एवढे सांगता येईल की, आजीकडून नुसते शब्द लिहून आणू नका, तिला गायला सांगा आणि तो आवाज साठवून आणा. आज प्रत्येकीच्या हातात त्याचे साधन आहे.

त्या विद्यार्थिनीला मी आज वेगळे उत्तर देईन. ती ओळ परीक्षेला नाही, पण ती सोडून वाचलेले पद अर्धेच वाचले जाते.